मे महिन्यातली मऊ अंडी: कॅल्शियमची बाटली आणण्याआधी विहिरीचं पाणी चाखा

खुराड्यात हात घातला आणि बोटांना अंड्याऐवजी ओलसर, गिळगिळीत पिशवी लागली की समजायचं, मे महिना आला. आमच्याकडे लागोपाठ तीन वर्षं हाच क्रम होता. होळीपर्यंत अंडी अशी टणक की कढईच्या काठावर दोनदा आपटावी लागायची. एप्रिल संपता संपता कवच कागदासारखं पातळ. मेमध्ये आठवड्याला दोन-तीन बिनकवचाची, नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेली. आणि अशी अंडी खुराड्यात फुटायला लागली की कोंबड्यांना बलकाची चटक लागते, मग चांगली अंडीही हाती येत नाहीत. पाऊस पडला की आपोआप सुधारायचं, आम्ही विसरून जायचो आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी मुंबईच्या किनाऱ्यावर, मनोरीला राहते. घरामागे चार नारळ, एक विहीर, अकरा कोंबड्या (सात गावठी, चार गिरिराज या सुधारित जातीच्या) आणि एक कोंबडा, जो स्वतःला गावचा पाटील समजतो. मढ, गोराईकडे ज्यांच्या वाडीत विहीर आहे त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितेय. मुलुंड-भांडुपला चाळीमागे चार कोंबड्या ठेवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळे सांगतात, कॅल्शियम द्या

पहिल्या वर्षी मी खाद्याच्या दुकानात गेले. वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोर गुलाबी औषधाची बाटली आली. "पाण्यात पाच मिली टाका, ताई." टाकलं. दोन बाटल्या संपल्या, अंडी होती तशीच. सासूबाई म्हणाल्या, बाटल्या कसल्या आणतेस, तिसऱ्यांची शिंपलं टाकतेस उकिरड्यावर, ती कुटून घाल की. हा सल्ला बाटलीपेक्षा शंभर पटीने बरा निघाला, पण त्यानेही मे महिना सुटला नाही. तरी शिंपल्यांचं आधी सांगते, कारण पायाच कच्चा असेल तर पुढचं सगळं फुकट.

हिशेब साधा आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच म्हणजे जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेट. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे पोटात साडेतीन-चार ग्रॅम जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. जमा आणि खर्च जेमतेम जुळतात. आता आपण काय करतो? मॅश महाग म्हणून निम्मी तांदळाची कणी मिसळतो, वर उरलेला भात, पोळीचे तुकडे. कणीत कॅल्शियम नावालाच. झालं, निम्म्यावर आलो. काही जण तर ब्रॉयलरचं खाद्य आणतात, "त्याने अंगाने भरतात" म्हणून. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं, कारण ते मांसासाठी आहे, अंड्यांसाठी नाही. गोणीवरचं लेबल एकदा वाचा.

आमच्या किनाऱ्यावर कॅल्शियम विकत घ्यायची गरजच नाही. तिसऱ्या, खुबे, कालवं, जे काही घरात शिजतं त्याची टरफलं धुवायची, उकळायची, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि जुन्या पाट्यावर ठेचायची. धुणं नीट झालं पाहिजे, खारटपणा राहता कामा नये. पीठ करू नका. तुरीच्या डाळीएवढे तुकडे राहू द्या. कलेजी-पेटा म्हणतो त्यातल्या पेट्यात, म्हणजे कोंबडीच्या पोटातल्या जाड पिशवीत, हे तुकडे रात्रभर अडकून राहतात आणि हळूहळू विरघळतात. पीठ मात्र दोन-चार तासांत पुढे सरकून जातं. अंडं तयार व्हायला चोवीस-पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास कवचाचे, आणि कवचाचं मुख्य काम रात्री चालतं, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. तेव्हा तिच्या पेट्यात चुरा हवा. म्हणून शिंपल्यांचं वाडगं सकाळी नाही, संध्याकाळी पाचच्या सुमारास पुढे करायचं. सकाळी ठेवलेल्या वाडग्याकडे माझ्या कोंबड्या ढुंकून बघत नाहीत. संध्याकाळी तेच वाडगं भांडून रिकामं करतात.

वाडगं वेगळं ठेवायचं, खाद्यात मिसळायचं नाही. अंडी घालणारी कोंबडी आपल्या गरजेपुरतं उचलते. कोंबड्याला आणि अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियम बळजबरीने गेलं तर त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं. आणि पानाचा चुना पाण्यात कालवून द्यायचा जो जुना उपाय आहे तो कृपा करून सोडा. तो चुना दाहक असतो, शिंपल्याच्या चुऱ्यासारखा सौम्य नव्हे. अंड्याची टरफलं द्यायला हरकत नाही, पण तव्यावर भाजून, चुरून, ओळखू येणार नाहीत अशी.

एवढं करून जर अंडी सुधारली तर तुमचं काम इथेच झालं. माझी एप्रिलपर्यंतची सुधारली. मे तसाच राहिला.

चौतीस अंशांत एवढं काय होतं?

नागपूरची माझी नणंद हसते. तिकडे पारा पंचेचाळीसला जातो, आमच्याकडे मेमध्ये तेहतीस-चौतीस. पण आमच्या हवेतला दमटपणा तिला माहीत नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि गळ्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन अंग गार करते. हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कशी? म्हणून ती जास्त धापा टाकते, रात्रीही, कारण इथली रात्र सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली येतच नाही.

आणि धापांचा थेट संबंध कवचाशी आहे, हे मला उशिरा कळलं. आपण श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तसा तीही टाकते. फार जोरात धापा टाकल्या की रक्तातला हा वायू कमी होतो, आणि कवचाला लागणारं कार्बोनेट त्यातूनच बनतं. म्हणजे कॅल्शियम पोटात भरपूर आहे, पण त्याला चिकटायला जोडीदार नाही. बाटली रिकामी केली तरी अंडं मऊच. शिवाय उकाड्यात ती खातेच कमी. शंभर ग्रॅमचे सत्तर झाले की वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

आमच्या खुराड्यावर पत्रा होता. दुपारी एकला त्यावर पापड भाजला असता. ओलं गोणपाट टाकून बघितलं. विदर्भात ते चालतं, इथे ओलं गोणपाट म्हणजे वर दमटपणाची भर. फरक पडला तो पत्र्यावर वीतभर अंतर सोडून नारळाची झापं बांधल्यावर आणि पश्चिमेकडची फळी काढून जाळी लावल्यावर. दुपारी समुद्रावरून येणारा वारा खुराड्यातून आरपार गेला पाहिजे. खाद्याची वेळ बदलली: पहाटे साडेपाचला आणि मग थेट ऊन उतरल्यावर. भर दुपारी खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते, तेव्हा बारा ते चार खाद्याचं भांडं उचलूनच ठेवते. दुपारी उथळ परातीत बोटभर पाणी ठेवलं की त्या पाय बुडवून उभ्या राहतात. एक गिरिराज तर परातीतच बसते, मग बाकीच्यांचा आरडाओरडा.

मऊ अंडी निम्म्यावर आली. निम्मी उरलीच.

विहीर

तिसऱ्या मेमध्ये घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं ठरलं, म्हणून आमच्या ह्यांनी पाण्यातले क्षार मोजायची पेनासारखी काडी आणली. नवीन खेळणं हातात आल्यावर माणूस काय करतो, घरातलं सगळं पाणी मोजतो. नळाचं लिटरमागे नव्वद मिलीग्रॅमच्या आत. विहिरीचं? अठराशे. मी म्हटलं, काडी बिघडली. मग घोटभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ. आम्ही विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं भांडी-कपड्यांनाच वापरतो, तोंडात घालतच नव्हतो. कोंबड्या मात्र बारा महिने तेच पीत होत्या. साबणाचा फेस उन्हाळ्यात कमी येतो हे मला माहीत होतं, त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा तीच विहीर साडेतीनशेवर होती.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं हे असंच. पावसाचं गोडं पाणी जमिनीत समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. उन्हाळ्यात आपण उपसा करतो, गोडं पाणी उतरतं आणि खारं आत सरकतं. आणि कोंबडीच्या पाण्यात मीठ वाढलं की कवच बनवणाऱ्या पिशवीला कार्बोनेट कमी पोचतं. या गोष्टीवर ऑस्ट्रेलियात एकोणीसशे ऐंशीच्या दशकात बरंच संशोधन झालंय. विशेष म्हणजे खाद्यातलं मीठ एवढं नडत नाही, पाण्यातलं नडतं. माणसाला थोडं मचूळ लागणारं पाणी कवच बिघडवायला पुरेसं असतं, बाकी कोंबडी अगदी ठणठणीत दिसते. हगवण नाही, सुस्ती नाही, तुरा लालबुंद. म्हणूनच कोणाला पाण्याचा संशय येत नाही. उन्हात तर ती पाणी दुप्पट पिते, म्हणजे मीठही दुप्पट. उकाडा आणि खारं पाणी एकाच महिन्यात येतात आणि दोघंही त्याच कार्बोनेटवर हात मारतात. मग मेमध्ये मऊ अंडी न येतील तर काय?

उपाय इतका क्षुल्लक होता की सांगायला लाज वाटते. अकरा कोंबड्या आणि एका पाटलाला ऐन मेमध्येसुद्धा दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. अर्धी कळशी. नळाचं पाणी माठात भरून ठेवते, त्यातून सकाळी, दुपारी आणि चारला भांडी बदलते. माठामुळे पाणी थंड, हा वरचा फायदा. नळ रोज येतोच असं नाही, म्हणून झाकणाचं एक पिंप वेगळं ठेवलंय. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा महापालिकेचा मोठा प्रकल्प जाहीर झालेला आहे. तो होईल तेव्हा होईल, माझ्या कोंबड्यांना तोवर पिंप पुरे.

पाणी बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी दगडासारखी अंडी येत नाहीत. मी वीस मेच्या सुमारास बदललं, पहिला फरक दिसायला दहाएक दिवस लागले, आणि दोन म्हाताऱ्या कोंबड्यांची अंडी त्या हंगामात सुधारलीच नाहीत. त्यामुळे यंदा होळी झाली की लगेच विहीर बंद केली. या मेमध्ये बिनकवचाची एकूण दोन सापडली. झापं, जाळी आणि पाणी हे सगळंच यंदा पूर्ण होतं, त्यामुळे सगळं श्रेय पाण्याला देणार नाही. पण निम्म्यावर अडकलेली गाडी पाण्यानेच पुढे सरकली, एवढं नक्की.

नळाचंच पाणी पाजता म्हणून सुटलात असं समजू नका. आरओ यंत्रातून जे पाणी वाया जातं ते "फुकट जाऊ नये" म्हणून कोंबड्यांना घालणारी दोन घरं मला माहीत आहेत. यंत्राने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. मूळचं पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर ते मुळीच पाजू नका. सुक्या मासळीचंही तेच. जवळा, करंदी वाळवलेली असते, प्रथिनासाठी चिमूट चिमूट दिली तर उत्तम. खारवलेल्या मासळीची डोकी नकोत.

जुलैत पातळ होत असतील तर

तर मग गोणी उघडून नाक खुपसा. पावसाळ्यात आपल्याकडे मका आठ दिवसांत कुबट होतो. हिरवट बुरशी दिसते ती काढून टाकली तरी तिचं विष, अफलाटॉक्सिन, दाण्यात राहतं, आणि भाजल्यानेही पुरतं जात नाही. ते यकृतावर बसतं. ड जीवनसत्त्व कामाला यायच्या आधी यकृतातूनच जातं, आणि त्याच्याशिवाय कॅल्शियम आतड्यातून रक्तात शिरत नाही. म्हणजे पुन्हा तेच, कॅल्शियम आहे पण उपयोग नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप विटांवर. कुबट झालेलं खाद्य शेजारच्या बकऱ्या-म्हशींनाही देऊ नका. ते विष दुधात उतरतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कोंबडी पिसं गाळते, तेव्हा अंडी थांबतात. थांबू द्या. थांबण्याआधीची एकदोन पातळ असतात. तलंगेचं पहिलं अंडंही बऱ्याचदा मऊ निघतं, यंत्र नवं असतं. आणि कोंबडी म्हातारी होत जाते तसं अंडं मोठं होतं, कवचाचा माल तेवढाच, तो मोठ्या अंड्यावर पसरला की पातळ होतो. त्यावर उपाय नाही. तिला सांभाळायचं की रस्सा करायचा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

एक गंमत. अंड्याच्या मध्यावर पट्ट्यासारखा फुगवटा दिसला तर आदल्या संध्याकाळी काय झालं ते आठवा. आत कवच धरत असताना कोंबडी दचकून उडाली की कोवळं कवच तडकतं आणि मग त्यावरच पुन्हा थर चढतो. आमच्या गावात मेमध्ये एक दिवसाआड हळद असते, रात्री अकरापर्यंत बेंजो आणि डीजे. हळदीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशी अंडी हमखास. दिवाळीच्या फटाक्यांतही. खुराड्याची त्या बाजूची फळी जाड करा, दुसरं हातात काही नाही.

अंडी खायची खोड लागलीच असेल तर

आधी चोर कोण ते ठरवा. चोचीवर आणि छातीच्या पिसांवर वाळलेला बलक दिसला, खालचं भुस्कट ओलं-चिकट असलं तर घरभेदी कोंबडीच. अंडं अख्खं गायब, काही सांडलेलं नाही, तर धामण किंवा घूस. टरफल वाडीत दूर पडलेलं असेल तर कावळा नाहीतर मुंगूस.

रिकाम्या टरफलात तिखट भरून ठेवायचा उपाय तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. मीही केला. माझी काळी कोंबडी लवंगी मिरचीची पूड मिटक्या मारत संपवून गेली. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पोपट मिरची खातो ते काय उगाच? त्याऐवजी अंडी घालायची जागा अंधारी करा. मी खोक्यापुढे गोणपाटाचा पडदा सोडलाय. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, फूटभर लांब-रुंद, तळाला पेंढा भरपूर, म्हणजे अंडं आपटून फुटत नाही. खोक्यात दोन गुळगुळीत पांढऱ्या गारगोट्या ठेवा. टोचून टोचून चोच दुखली की नाद कमी होतो. बहुतेक अंडी सकाळी दहाच्या आत पडतात, तेव्हा आठला आणि दहाला अशी दोनदा उचला. कवच टणक झालं की ही खोड साधारण महिन्याभरात आपोआप मोडते. माझी काळी मात्र सुधारली नाही, ती आता वेगळ्या पिंजऱ्यात असते. त्याचा तळ उतरता आहे, अंडं पडलं की घरंगळत बाहेर येतं. ती वळून बघेपर्यंत माझ्या हातात.

डॉक्टरांकडे कधी जायचं

वर सांगितलेलं सगळं हळूहळू, एकेका कोंबडीत होतं. तीन-चार दिवसांत सगळ्यांचीच अंडी एकदम मऊ किंवा सुरकुतलेली निघाली, पांढरा बलक पाण्यासारखा झाला, तपकिरी अंड्यांचा रंग उडाला, तर तो आजार समजा. शिंका, घरघर, हिरवी विष्ठा, मान वाकडी होणं ही मानमोडीची, म्हणजे रानीखेतची लक्षणं. तिच्यावर औषध नाही, लस आधी दिलेली असावी लागते. पटापट मरायला लागल्या तर मेलेल्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

आणि एखादी कोंबडी शेपटी खाली टाकून पेंग्विनसारखी उभी राहिली, सारखी कुंथतेय पण अंडं येत नाही, तर मऊ अंडं आत अडकलंय. कोमट पाण्याच्या टबात तिला पोटापर्यंत वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर कोंबडी जाते. दोन-तीन तासांत सुटली नाही तर तिला डालग्यात घाला आणि गाठा डॉक्टर. इकडे कोंबडी बघणारा डॉक्टर मिळायची मारामार, म्हणून मी सरळ परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठते. मनोरीहून तिथे जायचं म्हणजे मार्व्याची बोट, मग रिक्षा, मग मालाडहून लोकल. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा बोटीतल्या चार बायकांनी विचारलं, केवढ्याला दिली?